व्यापाऱ्यांचा शब्द आणि फितुराची माफी

आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर एक जुनी गल्ली असून तींत वह्या, पुस्तकें, कंपासपेट्या वगैरे शाळेचें साहित्य विकणारीं चार दुकानें आहेत. त्यांपैकीं एका दुकानाशीं आमच्या घराण्याचा चाळीस वर्षांचा ऋणानुबंध आहे. आमच्या मुलांच्या पाट्या तेथून आल्या आणि आतां नातवंडांच्या वह्याहि तेथूनच येतात. तीन वर्षांपूर्वीं जूनच्या आरंभीं यादी घेऊन आम्ही तेथें गेलों, तेव्हां वृद्ध मालकांनीं यंदापासून वह्यांवर सूट नाहीं म्हणून सांगितलें. शेजारच्या दुकानीं विचारलें, तेथें तेंच उत्तर; तिसरीकडेहि तेंच. चौथें दुकान एका तरुणाचें. त्यानें प्रथम मान हालविली; मग दुकानांत दुसरें कोणी नाहीं असें पाहून तो हळूच म्हणाला, "शेंकडा दहा सोडतों काका, पण कोणाला बोलूं नका." आम्हीं वह्या घेतल्या आणि कोणाजवळ अवाक्षर काढलें नाहीं. परंतु गल्लींत असल्या गोष्टी लपत नाहींत. पंधरा दिवसांच्या आंत त्या तरुणाकडे घाऊक व्यापाऱ्याचा माल येईनासा झाला. 'त्याला माल द्याल तर आमचा व्यवहार बंद' असें बाकीच्या तिघांनीं मिळून घाऊकवाल्यास बजावलें होतें.

पुढें एकदां वृद्ध मालकांची गांठ पडली. ते रागावलेले नव्हते, खिन्न दिसले. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "त्यानें आम्हां तिघांच्या देखत शब्द दिला होता. पटत नव्हतें तर तेव्हांच नाहीं म्हणायचें. शब्द देऊन मागल्या दारानें मोडायचा, ही काय रीत झाली? आणि तुम्हीं शिकल्यासवरलेल्या माणसांनीं त्याला साथ द्यावी!"

त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें असेल. परंतु तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं, आणि तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. वृद्ध गृहस्थ सचोटीचे आहेत. चुकून जास्त आलेले पैसे त्यांनीं नोकराबरोबर घरीं पाठविल्याचा आम्हांस अनुभव आहे. त्यांच्या दृष्टीनें या प्रकरणांत अप्रामाणिक असा एकच मनुष्य, आणि तो म्हणजे आपला शब्द मोडणारा तरुण. देशाच्या कायद्याची दृष्टि याच्या नेमकी उलट आहे. २००२ सालच्या स्पर्धा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमान्वयें एकाच धंद्यांतील विक्रेत्यांनीं मिळून भाव ठरविणें हें त्याज्य असून त्यापासून स्पर्धेस बाध येतो असें गृहीतच धरलें जातें. तो करार शून्यवत् होय. इतकेंच नव्हे, तर त्या करारांतील जो असामी प्रथम येऊन साथीदारांचें गुपित फोडील त्यास पूर्ण माफी देण्याची सोय त्याच कायद्याच्या ४६ व्या कलमांत आहे. ज्यास बाजार फितूर म्हणतो त्यास कायदा पाट मांडून बसवितो! सत्यप्रतिज्ञ राहणें हा सद्गुण आणि फितुरी हें पाप, असें ज्यांस लहानपणापासून शिकविलें गेलें, त्या आमच्यासारख्यांनीं याचा उलगडा कसा करावा?

प्रश्न नवा नाहीं. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें मानिलीं, त्यांत संविद्व्यतिक्रम, म्हणजे समूहानें केलेल्या कराराचा भंग, हें एक स्वतंत्र पद आहे. श्रेणी, नैगम इत्यादि व्यापारी व कारागिरांच्या समूहांचे निर्बंध राजानें पाळवून घ्यावेत असा दंडक आहे. आमचे वृद्ध दुकानदार त्या काळीं असते तर त्यांनीं याच पदाखालीं फिर्याद गुदरली असती. परंतु त्याच परंपरेंत दुसरा दंडकहि आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत, जे व्यापारी एकत्र होऊन माल अडवून धरतात किंवा अवाजवी भावानें विकतात त्यांस एक हजार पण दंड सांगितला आहे. संगनमतानें ग्राहकास नाडणाऱ्या कारागिरांसहि तोच दंड. याज्ञवल्क्यस्मृतीनेंहि अशा एकजुटीबद्दल कडक शिक्षा सांगितली आहे. मग करार पाळवून घ्यावा कीं मोडून काढावा? याज्ञवल्क्यानें तोड सुचविली आहे ती अशी कीं, समूहाचा जो निर्बंध आपल्या मूळ धर्माच्या आड येत नाहीं तेवढाच रक्षणीय समजावा. तेव्हां शब्द दिला एवढ्यानें भागत नाहीं. शब्द कशाविषयीं दिला, हें आधीं पाहिलें पाहिजे.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. कौटिल्याचा रोख स्पर्धेवर नव्हता. स्वदेशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा एवढाच नफा त्यानें व्यापाऱ्यास मोजून दिला होता, आणि व्यापारी म्हणजे चोर हें नांव नसलेला चोरच, असें त्याचें एकंदर मत दिसतें. (तें मत अन्यायाचें आहे हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.) त्याच्या राज्यांत संगनमत हा सरकारी भावाविरुद्ध गुन्हा होता. आजचा कायदा सामान्यतः दुकानदारास भाव सांगत नाहीं; तुझा तूं ठरव, एवढेंच सांगतो. त्यांतील 'तुझा तूं' या दोन शब्दांत सर्व मर्म आहे.

पश्चिमेकडे हा वाद एकाच वर्षीं दोन देशांच्या श्रेष्ठ न्यायालयांसमोर आला, आणि दोघांनीं परस्परविरुद्ध निकाल दिले. वर्ष १८९७. जर्मनींत सॅक्सनी प्रांतांतील लाकडाचा लगदा करणाऱ्या कारखानदारांनीं, म्हणजे आमच्या वह्यांच्या पूर्वजांच्या उत्पादकांनीं, आपसांतील चढाओढ थांबविण्यासाठीं एक संघ काढून माल त्या संघामार्फतच विकण्याचा करार केला होता. एका सभासदानें तो मोडून परस्पर माल विकला. संघानें दंडाच्या रकमेसाठीं त्यास न्यायालयांत खेंचलें. जर्मन न्यायालयानें संघाच्या बाजूनें कौल दिला. भाव इतके कोसळले कीं धंदाच बुडूं लागेल, तर त्याच्या रक्षणार्थ केलेली एकजूट लोकहिताविरुद्ध म्हणतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. आमच्या गल्लींतील वृद्ध मालकांस हा निकाल वाचून दाखविला असतां तर त्यांनीं न्यायाधीशांस पेढे पाठविले असते.

त्याच वर्षीं अमेरिकेंत मिसूरी नदीपलीकडील अठरा रेल्वे कंपन्यांचा दर ठरविण्याचा संघ तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला. १८९० सालच्या शेर्मन कायद्यानें व्यापारास प्रतिबंध करणारे करार बेकायदा ठरविले होते. आमचे दर वाजवी आहेत, बेसुमार चढाओढीनें आम्ही बुडालों असतों, असें कंपन्यांचें म्हणणें. पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालयानें तें फेटाळलें. ते दर वाजवी होते कीं नव्हते याच्या खोलांत शिरण्यासच त्यानें नकार दिला. पुढें १९११ सालीं त्या न्यायालयानें सर्वच करार सारखे धरूं नयेत, तारतम्य पाहावें, असें मत स्वीकारलें खरें. पण भाव ठरविण्याच्या करारास ती सवलत मिळाली नाहीं. १९२७ सालीं स्नानगृहांतील चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदारांचा खटला चालला, त्यांत या कठोरपणाचें कारण अधिक स्पष्ट झालें. आज वाजवी असलेला भाव उद्यां अवाजवी होऊं शकतो. ज्याच्या हातीं वाजवी भाव ठरविण्याची सत्ता आली, त्याच्या हातीं अवाजवी भावाचीहि सत्ता आलीच. जर्मनींत मात्र तो १८९७ चा निकाल दुसऱ्या महायुद्धापर्यंत पायाभूत राहिला आणि त्या देशांत कार्टेलांचें रान माजलें. महायुद्धानंतर दोस्तांनीं तीं मोडलीं, आणि १९५८ च्या आरंभापासून जर्मनीचा स्वतःचा स्पर्धाकायदा अंमलांत आला.

परंतु न्यायालयें कोणत्या बाजूस झुकलीं यावरून नीति ठरत नसते. येथें खरी अडचण अशी आहे. एकटा दुकानदार आपल्या मालास वाटेल तो भाव सांगूं शकतो. तो त्याचा हक्क आहे. त्यास कोणी पापी म्हणत नाहीं. मग जें एकानें केलें असतां निर्दोष, तेंच चौघांनीं बोलून केलें असतां दोषास्पद कसें होतें? चार निर्दोष कृत्यांची बेरीज एक अपराध, हें गणित विलक्षण आहे. कोणी म्हणेल, त्यानें ग्राहकाचें नुकसान होतें. पण एकट्याच्या महाग भावानेंहि नुकसान होतेंच. कोणी म्हणेल, भाव अन्यायाचा होतो. पण न्याय्य भाव कोणता हें ठरविण्याचें साधन शास्त्रकारांपासून अर्थशास्त्रज्ञांपर्यंत अद्याप कोणाच्या हातीं लागलेलें नाहीं.

आमच्या मतें हा दोष भावांत नसून दाराबाहेरच्या पाटींत आहे. चार दुकानें, चार पाट्या, चार मालक. या देखाव्याचा ग्राहकाशीं एक न बोललेला करार असतो. 'माझा भाव पटत नसेल तर शेजारीं विचारा' असें प्रत्येक दुकान आपल्या अस्तित्वानेंच सांगत असतें. आम्ही त्या दिवशीं जूनच्या उन्हांत तीन पायऱ्या चढलों आणि उतरलों, त्या आपण निवड करीत आहों अशा समजुतीनें. वस्तुतः आम्ही एकाच दुकानांत तीनदां गेलों होतों. तिघांपैकीं एकानें जरी 'आम्हीं सर्वांनीं मिळून ठरविलें आहे' असें सांगितलें असतें, तरी आमचे पैसे वांचले नसते हें खरें. पण आमची फसवणूक झाली नसती. त्यांनीं तें सांगितलें नाहीं. असे करार चोरून कां केले जातात, याचें उत्तर येथें आहे. ज्यास लपविण्यासारखें कांहीं नाहीं तो बंद खोलींत बसून भाव ठरवीत नाहीं. मोहोरबंद निविदांत हें अधिक उघड दिसतें. धरणाच्या कामासाठीं पांच ठेकेदार पांच लिफाफे टाकतात, आणि कोणाचा लिफाफा सर्वांत कमी असावयाचा हें आदल्या रात्रीं ठरलेलें असतें. त्या पांच लिफाफ्यांपैकीं चार लिफाफे चढाओढीचें सोंग होत. तें सोंग खऱ्यासारखें वठावें म्हणूनच ते भरलेले असतात.

हें एकदां मान्य केलें म्हणजे दिलेल्या शब्दाचा पेंच सुटतो. ज्याच्या खिशाविषयीं चौघांनीं शपथ घेतली तो तेथें हजर नव्हता. ज्याच्याशीं आपला आधींच एक करार आहे त्याला फसविण्याचा दुसरा करार तिसऱ्याशीं करणें म्हणजे शब्द देणें नव्हे, पहिला शब्द मोडणें होय. म्हणून त्या तरुणानें दुसरा शब्द मोडला तेव्हां तो पहिल्याकडे परतला असेंच म्हणावें लागतें. अर्थात् तो केवळ नीतिबुद्धीनें परतला असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या यादींत अकरा डझन वह्या होत्या.

वृद्ध मालकांचा दुसरा मुद्दा मात्र इतक्या सहज निकालांत निघत नाहीं. "बडी धेंडें मोबाइलवर वह्या विकतात," ते म्हणाले होते, "मोठ्या मोठ्या सुटी देतात, घरपोंच माल देतात. आम्ही चार लहान माणसें एक झालों तर एवढें काय बिघडलें? मजुरांनीं युनियन केली तर तुम्ही टाळ्या वाजवतां." ही तक्रार खोटी नाहीं. अमेरिकेंत तर शेर्मन कायदा आरंभीं मजुरांच्या संपांवरच सपाटून चालविला गेला. टोप्या करणाऱ्या कामगारांच्या संघटनेनें पुकारलेला बहिष्कार १९०८ सालीं याच कायद्याखालीं बेकायदा ठरला. मनुष्याचे श्रम हा बाजारांतील जिन्नस नव्हे असें १९१४ सालच्या क्लेटन कायद्यानें स्पष्ट सांगावें लागलें, तेव्हां संघटनांस वाट मिळाली. मजुराचा संघ उघड असतो. मालकासमोर बसून, आम्ही एक आहों असें सांगून तो वेतन मागतो, हा एक भेद आम्हांस दिसतो. दुकानदारांनीं एक होण्यासहि मनाई नाहीं. चौघांनीं मिळून कागदाच्या गिरणींतून एकदम माल उचलला, एकच टेंपो केला, तर त्या एकजुटींतून कांहीं तरी उत्पन्न होतें, आणि त्याचा वांटा ग्राहकासहि पोंचूं शकतो. त्यांच्या जूनमधील करारांतून दुसऱ्यास देण्यासारखें कांहींच उत्पन्न झालें नव्हतें. इतकें सांगूनहि, बलाढ्य कंपनीच्या सुटीपुढें टिकूं न शकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदारास 'तुझा तूं भाव ठरव' हें वाक्य कसें ऐकूं येत असेल, याचा विचार मनास टोंचत राहतो.

घाऊकवाल्याकरवीं त्या तरुणाचा माल बंद करणें, ही गोष्ट मात्र कोणत्याहि दुबळेपणाच्या सबबीखालीं झांकतां येणार नाहीं. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनीं हीच रीत वर्षानुवर्षें चालविली होती. संघटनेच्या संमतिपत्रावांचून कोणा नव्या घाऊक विक्रेत्यास कंपनीनें माल देऊं नये, असा त्यांचा दंडक. गोव्यांतील संघटनेविरुद्ध २०१२ सालीं भारतीय स्पर्धा आयोगानें निर्णय देऊन तो बेकायदा ठरविला.

आतां राहिला फितुराच्या माफीचा प्रश्न. संगनमताचा गुन्हा पकडणें फार कठीण असतें. चोरी झाली कीं घरमालकास कळतें. येथें ज्याच्या घरीं चोरी झाली तो समाधानानें पिशवी घेऊन घरीं जातो. ॲडम स्मिथनें १७७६ सालींच ओळखलें होतें कीं, एका धंद्यांतले लोक मौजेसाठीं जरी जमले तरी बोलणें शेवटीं भाववाढीच्या कटाकडे वळतें. हें त्याचें मत सर्वजण सांगतात. परंतु अशा सभा बंद करणारा कायदा स्वातंत्र्य व न्याय यांस धरून करतां येणार नाहीं, असेंहि तो लगेच म्हणतो, त्याची आठवण फारसे कोणी ठेवीत नाहीं. आपल्याकडे आयोगानें २०१२ सालीं अकरा सिमेंट कंपन्यांस ६,३०० कोटींवर दंड ठोठावला. पुरावा मुख्यतः परिस्थितिजन्य, म्हणजे भावांची हालचाल, संघटनेच्या बैठका, उत्पादनाचे आंकडे असा होता. २०१५ मध्यें अपील न्यायाधिकरणानें सुनावणीच्या रीतींतील दोषामुळें तो निर्णय रद्द केला. २०१६ मध्यें आयोगानें नव्यानें सुनावणी करून पुन्हां दंड केला, २०१८ मध्यें तो अपिलांत कायम झाला, आणि भांडण तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेलें. घर बांधणाऱ्याचें घर केव्हांच बांधून झालें.

म्हणून सरकारांनीं कटवाल्यांच्या आपसांतील अविश्वासासच हत्यार बनविलें. अमेरिकेनें १९७८ सालीं माफीची योजना काढली, पण माफी द्यावयाची कीं नाहीं हें अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिल्यानें तिकडे फारसे कोणी फिरकले नाहींत. १९९३ सालीं, चौकशी सुरू होण्यापूर्वीं जो प्रथम येईल त्यास माफी निश्चित, असा नियम झाल्यावर रांग लागली. दुसरा आधीं पोंचेल ही भीति कोणत्याहि पोलिसापेक्षां अधिक काम करते. आपल्याकडेहि पहिल्यास शंभर टक्क्यांपर्यंत, दुसऱ्यास पन्नास व तिसऱ्यास तीस टक्क्यांपर्यंत सूट मिळूं शकते. विजेरींत व भिंतीवरच्या घड्याळांत घालण्याचे कोरडे सेल घरोघरीं असतात. त्यांच्या किंमती तीन मोठ्या कंपन्यांनीं मिळून ठरविल्या असें आयोगानें २०१८ सालीं ठरविलें. पॅनासॉनिक कंपनीनें स्वतः येऊन कबुली दिली. तिचा दंड संपूर्ण माफ झाला. एव्हरेडीस १७१ कोटींवर आणि निप्पो सेल काढणाऱ्या इंडो नॅशनलला ४२ कोटींवर दंड झाला. आणि २०२३ च्या दुरुस्तीनें तर, एका संगनमताची कबुली देत असतां दुसऱ्या एखाद्या संगनमताची खबर दिल्यास पहिल्या दंडांत आणखी सूट, अशी सोय झाली आहे. हें फितुरीवर व्याज देणें झालें!

ही योजना उपयोगाची आहे, यांत शंका नाहीं. ती नसती तर यांतलीं कित्येक प्रकरणें उजेडांत आलींच नसतीं. आम्ही तिच्या विरुद्ध नाहीं. परंतु उपयोगाची गोष्ट आणि नीतीची गोष्ट या दोहोंस एकच नांव देऊं नये. माफी पश्चात्तापास मिळत नाहीं, ती धांवण्याच्या वेगास मिळते. वर्षानुवर्षें नफा खाल्लेल्यास ती मिळूं शकते आणि एक दिवस उशीरा आलेल्या कमी दोषी साथीदारास मिळत नाहीं. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधींत जमा होते. ज्यानें सेल विकत घेतले त्याच्या हातीं छदामहि पडत नाहीं. नुकसानभरपाई मागण्याची वाट कायद्यांत आहे खरी, पण दोन सेलांमागें गेलेल्या चार आण्यांचा हिशेब घेऊन दिल्लीस कोण जाणार?

यासंबंधीं दोन माणसांच्या हकीकती आठवतात. मार्क व्हिटेकर हा अमेरिकेंतील आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीचा बडा अधिकारी. डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यांत घालण्याच्या लायसीन नांवाच्या द्रव्याचे भाव ही कंपनी जपानी व कोरियन कंपन्यांशीं संगनमत करून ठरवीत होती. १९९२ पासून जवळ जवळ तीन वर्षें त्यानें त्या गुप्त बैठकी सरकारसाठीं चोरून ध्वनिमुद्रित केल्या. प्रतिस्पर्धी हेच आपले मित्र आणि गिऱ्हाईक हें शत्रु, अशी त्या कंपनींतील वृत्ति त्या फितींवर कायमची उमटली आहे. कंपनीस १९९६ सालीं दहा कोटी डॉलर दंड झाला. परंतु सरकारचा हा हेर त्याच काळांत स्वतःच्या कंपनीचे नव्वद लाख डॉलर लांबवीत होता असें निघालें, आणि त्यास आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत काढावा लागला. सत्य बाहेर काढणारा मनुष्य सत्यवादी असतोच असें नाहीं.

दुसरा स्टॅन्ले ॲडम्स. स्वित्झर्लंडांतील हॉफमन-ला रोश या औषधकंपनींत तो वरच्या हुद्द्यावर होता. जे बडे ग्राहक आपली जीवनसत्त्वांची गरज रोशकडूनच भागवितील त्यांस खास सवलती देऊन कंपनी इतरांस बाजारांतून हुसकून लावीत होती. १९७३ सालीं त्यानें आपण होऊन हें युरोपीय आयोगास कळविलें. त्यास कोणत्याहि माफीची गरज नव्हती, बक्षिसाची बोली नव्हती. नांव गुप्त ठेवा, एवढीच विनंती. आयोगानें पुढें जे कागद कंपनीस दाखविले त्यांवरून नांव फुटलें. १९७४ च्या शेवटच्या दिवशीं स्विस सरहद्दीवर त्यास आर्थिक हेरगिरीच्या आरोपाखालीं अटक झाली. तो कैदेंत असतांनाच त्याच्या पत्नीनें आत्महत्या केली. रोशला १९७६ सालीं दंड झाला. तो कंपनीस जड जाण्यासारखा नव्हता. ॲडम्सच्या हानीस आयोग निम्म्यानें जबाबदार आहे असें युरोपच्या न्यायालयानें १९८५ सालीं ठरविलें. उरलेली निम्मी जबाबदारी त्याचीच, कारण त्यानेंहि पुरेशी सावधगिरी बाळगली नाहीं!

ज्यानें गुन्ह्यांत भाग घेतला त्याच्यासाठीं कायद्यानें दार, उंबरठा, रांगेतील क्रमांक सर्व कांहीं नीट आंखून ठेवलें आहे. ज्यानें भाग घेतला नाहीं, केवळ पाहिलें आणि सांगितलें, त्याच्यासाठीं त्या काळीं कांहींच नव्हतें, आणि आजहि फार थोडें आहे. आम्हांस खुपतें तें हें. फितुरास माफी मिळते याचें वाईट वाटत नाहीं. साक्षीदारास संरक्षण मिळत नाहीं याचें वाटतें.

गल्लीची हकीकत अर्धवट राहिली. त्या वर्षीं तरुणाचें दुकान जवळ जवळ दोन महिने अर्धें रिकामें होतें. आम्हीं कोणाकडे तक्रार केली नाहीं, त्यानेंहि केली नाहीं. पुढें केव्हां तरी चौघांचें मिटलें असें ऐकलें. गेल्या जूनमध्यें आम्ही नातीस घेऊन मुद्दाम त्याच्याकडे गेलों. फळ्या भरलेल्या होत्या, नवा पंखा होता, एक नोकरहि ठेवलेला दिसला. यादी पाहून त्यानें भराभर वह्या काढल्या आणि बेरीज केली. सुटीचें विचारलें, तेव्हां वर न पाहतां तो म्हणाला, "नाहीं काका, यंदा कोणाकडेच नाहीं." शेजारच्या दुकानांतून वृद्ध मालकांनीं आम्हांस पाहून हात केला. आम्हींहि केला. नात म्हणाली, "आजोबा, दुसरीकडे विचारूं या ना." आम्हीं पैसे मोजून दिले आणि वह्यांचा गठ्ठा उचलला.